चष्म्याच्या दुकानातले कानसेन

काचेवर धूळ बसताना आवाज होत नाही. किस्सेही असेच बसतात. रोजच्या रोज काही जाणवत नाही. मग एखादा पाहुणा सहज विचारतो, "तुम्ही लोक दर रविवारी दुकान बंद करून आत काय करता हो?" आणि सांगायला बसलं की जेवण थंड होतं.

जालन्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. रविवारी शटर अर्धं खाली असतं आणि मागच्या खोलीत, जिथे मी एरवी डोळे तपासतो, तिथे आम्ही पाच माणसं शास्त्रीय संगीत ऐकतो. नियम सोपा आहे. ज्याची पाळी असेल त्यानं आठवडाभर जे ऐकलं, त्यातलं सगळ्यात आवडलेलं रेकॉर्डिंग आणायचं आणि सगळ्यांना ऐकवायचं. संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. चहा नंतर.

आमच्यापैकी कुणालाच गाता येत नाही. एकदा प्रयत्न झाला होता. तो किस्सा मी सांगणार नाही.

* * *

दगडूबा आमच्यात कसे आले, ते आधी सांगतो.

दगडूबा अंतरवाली सराटीकडचे शेतकरी. कापूस, सोयाबीन, दोन म्हशी. जवळचं दिसेना म्हणून चष्मा करायला माझ्याकडे आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर लेन्सची फ्रेम चढवली आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितलं. दुकानात माझं नेहमीप्रमाणे बारीक आवाजात काहीतरी चालू होतं. त्या दिवशी एका बुजुर्ग बाईंची तोडी होती.

पहिल्या तीन ओळी दगडूबांनी घडाघडा वाचल्या. चौथ्या ओळीला गाडी थांबली. मी लेन्स बदलली. तरी गप्प. आणखी एक बदलली. तरी गप्प. आता हे मोतीबिंदूचं प्रकरण दिसतंय, डॉक्टरकडे पाठवावं लागणार, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "दगडूबा, खालची ओळ दिसते का?"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"जरा दम धरा. बाई समेवर येऊन राह्यल्या."

बाई समेवर आल्या. दगडूबांनी मान डोलावली आणि चौथी, पाचवी, सहावी अशा तिन्ही ओळी एका दमात वाचल्या. नंबर फार नव्हताच. मागाहून कळलं की गावातल्या भजनी मंडळात ते तीस वर्षं पखवाज वाजवतात. रागाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण बाई कुठून निघाल्या आणि कुठे पोचणार, हे माझ्याआधी त्यांना कळत होतं. मी त्यांना चष्म्याची पावती दिली आणि तिच्या मागे लिहिलं, 'रविवार, सकाळी दहा.' तेव्हापासून ते येतात. सकाळची एस.टी. पकडतात, पोरीच्या घरी भाकर खातात आणि बराबर दहाला शटरखालून वाकून आत शिरतात.

* * *

गायकवाड सर आमच्यातले सगळ्यात शिस्तीचे. गणिताचे शिक्षक होते, आता निवृत्त. त्यांचे वडील गावोगाव जलशात पेटी वाजवायचे, त्यामुळे घरात पेटी होती, सूर होता आणि सूर चुकला तर रागवणारं माणूसही होतं. सरांकडे चारशेच्या वर कॅसेटी आहेत. प्रत्येकीला नंबर, रागाचं नाव, ताल, किती मिनिटं, सगळं एका वहीत. एवढंच नाही, मैफलीत कुणी कितव्या मिनिटाला खोकलं, तेसुद्धा.

त्यांची एक ललतची कॅसेट आहे. तरुणपणी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी ती भरली होती. पहाटेचं प्रसारण. बुवा हळूहळू वर सरकत सरकत तार षड्जाच्या उंबरठ्यावर येतात, श्वास घेतात, आणि नेमकं त्याच क्षणी मागून सरांच्या आईचा आवाज येतो, "अरे, दूध उतू चाललंय, बघा कुणीतरी." मग पळणारी पावलं, पातेल्याचा आवाज, आणि मग बुवांचा षड्ज.

ही कॅसेट आम्ही इतक्या वेळा ऐकली की आईंचं ते वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ. सरांच्या वहीतही नोंद आहे: 'ललत, दुधाची.'

दोन वर्षांपूर्वी सुमनताई फार आनंदात आल्या. या आमच्यातल्या निवृत्त नर्स. त्यांच्या भाच्याला कुठूनतरी त्याच कार्यक्रमाची एकदम स्वच्छ प्रत मिळाली होती. खरखर नाही, खडखड नाही. ताईंनी ती खास सरांसाठी मोबाईलवर आणली. आम्ही लावली. बुवा असे ऐकू येत होते की जणू समोर बसलेत. तंबोऱ्याची तार न् तार वेगळी.

चौदा मिनिटं झाली. बुवा षड्जाच्या उंबरठ्यावर आले. श्वास घेतला. आम्ही पाचही जण थांबलो.

थेट षड्ज लागला. सुरेख लागला. पण खोलीत कुणी हललं नाही, कुणी वाहवा केली नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो, पायरी चुकल्यासारखे.

सरांनी हळूच बंद करायला सांगितलं. म्हणाले, "ताई, प्रत फार छान आहे. उपकार झाले. पण यात दूध उतू जात न्हाई."

मग त्यांनी पिशवीतून आपली कॅसेट काढली आणि आम्ही ललत पुन्हा पहिल्यापासून ऐकला.

* * *

आता माझी फजिती. ती नाही सांगितली तर बाकीचे सांगतील.

औरंगाबादच्या एका रद्दीवाल्याकडे मला एक जुना टेपरेकॉर्डर मिळाला होता, आत एक बिननावाची कॅसेट. त्याच टेपवर लावली आणि मी चाट पडलो. असा खर्ज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. आणि लय इतकी संथ, की एका मात्रेवरून दुसऱ्या मात्रेवर जाईपर्यंत माणूस चहा पिऊन यावा. रविवारी ऐकवली. सगळे भारावले. गायकवाड सरांनी निदान केलं की हे कुणीतरी जुन्या, लोप पावलेल्या परंपरेतले उस्ताद असणार, अतिविलंबित गायचा हा प्रकारच आता उरलेला नाही. सुमनताई म्हणाल्या, काय धीर आहे या माणसाला. मी तर दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवायला लागलो. पाच महिने त्या टेपवर दुसरं काही लावलं नाही आणि आम्ही त्या उस्तादांच्या मोठेपणावर बोलत होतो.

आमच्यातले पाचवे शकीलभाई. जळालेल्या पंपांच्या मोटारी रिवाइंड करतात, मिक्सर, पंखे, रेडिओ, टेप, सगळं दुरुस्त करतात. आमची यंत्रं त्यांच्यामुळेच जिवंत आहेत. त्या वर्षी ते मुलीकडे हैदराबादला गेल्ते. परत आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांना मी मोठ्या अभिमानानं ती कॅसेट लावून दाखवली.

शकीलभाईंनी अर्धं मिनिट ऐकलं. मग टेप बंद केला, खिशातून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला, झाकण उघडलं आणि आतला रबरी पट्टा बोटानं ओढून मला दाखवला. मळलेल्या नाडीसारखा लोंबत होता. त्यांनी नवा पट्टा घातला आणि कॅसेट पुन्हा लावली.

मध्य लयीत, स्वच्छ, मोकळ्या आवाजात एक बाई गात होत्या.

आम्ही कुणी कुणाकडे बघितलं नाही. पाच महिने आम्ही एका बाईंना उस्ताद म्हणत होतो. शकीलभाई झाकण बसवता बसवता म्हणाले, "उस्तादला कै झालं नव्हतं, अरविंदभाई. पट्टा ढिला होता."

* * *

सुमनताईंची नोकरी बरीच वर्षं केदारखेड्याकडे झाली. तिथल्या आरोग्य केंद्रात त्या नर्स. एप्रनच्या खिशात छोटा रेडिओ, पुढे मोबाईल, आणि त्यात बारीक आवाजात गाणं. त्यांचं म्हणणं असं, की बाळंतपणाच्या खोलीत कण्हणं आणि ओरडणं सोडून आणखी काहीतरी असावं.

एका दुपारी एक पहिलटकरीण आली. फार घाबरलेली. ताईंनी खिशातलं बंद करायला हात घातला तर ती म्हणाली, "बाई, राहू द्या ते. त्याच्याकडं ध्यान लागतं." मग ताईंनी आवाज थोडा वाढवला. तासाभरानं मुलगी झाली. सासूनं बाळ हातात घेऊन विचारलं, हे जे वाजून राह्यलंय, त्याला काय म्हणतेत? ताई म्हणाल्या, बागेश्री. झालं. मुलीचं नाव बागेश्री.

दोन वर्षांनी तीच सून, तीच सासू. सासूनं आल्या आल्या सांगितलं, याच्या वेळंला बी काहीतरी चांगलं लावा. ताईंनी केदार लावला. मुलगा झाला. केदारखेड्यात केदार, सगळं गाव खूश.

तिसऱ्या वेळी सासू सुनेला घेऊन नुसती तारीख विचारायला आली आणि म्हणाली, "बाई, आता कोणता राग लावता?"

ताईंनी रजिस्टरमधून डोकंही वर केलं नाही. म्हणाल्या, "हे होऊ द्या, तेव्हाचं तेव्हा बघू. त्याच्यानंतर मात्र भैरवी."

सासूला अर्थ कळला नाही. सुनेला कळला. ती पदराआड हसत होती म्हणे.

हा किस्सा ताईंनी आमच्या बैठकीत सांगितला तेव्हा आम्ही सगळे हसलो. एकटे गायकवाड सर गंभीर. त्यांच्या कपाळावर आठी. ते म्हणाले, "ताई, भर दुपारी बागेश्री लावली तुम्ही? रात्रीचा राग?"

ताई म्हणाल्या, "सर, लेकरू घड्याळ बघून येत न्हाई."

* * *

सरांचाच आणखी एक. आमचा मोबाईलवर ग्रुप आहे. ज्याला जे आवडलं ते तो लिहितो. सर मोबाईल जपून वापरतात, पण एकदा बोट घसरलं. पहाटे काहीतरी ऐकून त्यांनी लिहिलं, 'आज सकाळी ऐकता ऐकता डोळ्यांत पाणी आलं. थांबेचना.' आणि ते आमच्याऐवजी गेलं नातेवाइकांच्या ग्रुपवर.

नातेवाइकांना 'ऐकता ऐकता' दिसलंच नाही. डोळ्यांत पाणी, थांबेना, एवढंच दिसलं. अकरा वाजेपर्यंत सरांना गुलाबपाणी, त्रिफळा आणि तीन डॉक्टरांची नावं पोचली होती. दुपारी मंठ्याहून त्यांची थोरली बहीण बसनं दाखल. तिनं सरांचं काही ऐकून न घेता त्यांना हाताला धरून माझ्याच दुकानात आणलं. सरांनी सकाळीच फोन केल्यामुळे मला सगळं माहीत होतं, पण अक्कांसमोर बोलायची सोय नव्हती. मी सरांना खुर्चीत बसवलं, बॅटरी मारली, पापण्या वर-खाली करून बघितल्या.

अक्का बाजूला उभ्या. म्हणाल्या, "त्याला नीट इचारा. रोज सकाळी पाणी येतं का?"

सर खुर्चीतून शांतपणे म्हणाले, "रोज न्हाई येत, अक्का. गाणारा चांगला असला तरच येतं."

* * *

एकदा आम्ही सगळेच दगडूबांकडे हुरडा खायला गेल्तो. येताना चौकातल्या टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्याकडे मोठा स्पीकर. दगडूबांना हुक्की आली. म्हणाले, माझं आजकालचं ऐका, आणि त्यांनी आपला मोबाईल त्या स्पीकरला जोडला. मालकंसचा आलाप सुरू झाला. एकेक सूर लांबच लांब, मध्ये ठेहराव, पुन्हा तोच सूर, पुन्हा ठेहराव.

चौकातली माणसं थोडा वेळ गप्प ऐकत राहिली. टपरीवाल्याची मात्र चलबिचल. चहा ओतताना त्याचं सगळं लक्ष स्पीकरकडे. शेवटी तो दगडूबांना म्हणाला, "काका, अटकून राह्यलंय हे."

दगडूबा म्हणाले, न्हाई रे, बराबर चालू आहे.

तो ऐकेना. त्यानं हात पुसले, दगडूबांचा मोबाईल उचलला, वायर जाईल तितका उंच धरला, मग स्टुलावर चढून पत्र्याच्या कडेला टेकवला. बुवा आपले तल्लीन. आलाप, ठेहराव, आलाप. टपरीवाला मोबाईल इकडून तिकडे सरकवतोय. असं बरंच चाललं. आम्ही हसू दाबून चहा पीत होतो. गायकवाड सरांनी तर चहा सोडून पाठ फिरवली.

आणि मग द्रुत बंदिश सुरू झाली. तबला भरभर, ताना भरभर. टपरीवाला समाधानानं स्टुलावरून खाली उतरला.

"आली," तो म्हणाला. "आता फुल रेंज आली."

* * *

शेवटचा मागचा हिवाळा सरतानाचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

शकीलभाईंना ताप आला होता. ताप उतरला, पण कान गेले. डावा पूर्ण, उजव्यात थोडं काही शिल्लक. कानाचं मशीन घेऊन बघितलं, तर त्यातून गाणं ऐकलं की पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं म्हणाले. दोन रविवार ते आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी दगडूबा आणि मी त्यांच्या दुकानावर गेलो. ते मोटारीची तार गुंडाळत बसले होते. आम्ही मोठ्यानं बोलायला लागलो तर म्हणाले, ओरडू नका, ओठ बघितले की कळतं. मग स्वतःच म्हणाले, "मी येऊन काय करू? तबला जरासा कळतो. सूर गेले. तुम्ही ऐकणार आणि मी तुमची तोंडं बघणार."

दगडूबांनी त्यांच्या हातातली तार काढून बाजूला ठेवली आणि त्यांना दिसेल असं तोंड करून सावकाश म्हणाले, "पुढच्या रविवारी तुमची पाळी आहे. पाळी चुकवता येत न्हाई."

शकीलभाई आले. सोबत एक कॅसेट आणली. जौनपुरी, विलंबित एकताल. त्यांच्या लग्नाच्या वर्षीची. पंचेचाळीस वर्षं ते ती ऐकत आलेत, आम्हालाही कितीदा ऐकवलीय. त्यांनी स्वतः ती टेपमध्ये घातली, बटन दाबलं आणि स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवून बसले. आम्ही आवाज नेहमीपेक्षा मोठा केला. काही वेळानं त्यांचा तळवा खोक्यावरून मांडीवर आला. त्यांनी डोळे मिटले, मान भिंतीला टेकवली आणि बोटांनी मांडीवर ठेका धरला. बराबर होता. मात्रेला मात्रा.

आणि वीज गेली.

पंखा थांबला, टेप थांबला, बुवा अर्ध्या शब्दावर गप्प झाले. इन्व्हर्टर मी आदल्याच दिवशी बॅटरीसाठी काढून दिलेला. आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

शकीलभाईंची बोटं चालूच होती.

सुमनताईंनी त्यांना सांगायला हात पुढे केला. गायकवाड सरांनी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. ताईंचा हात तसाच हवेत राहिला, मग हळूच मागे आला. बाहेर एक हातगाडीवाला संत्री संत्री ओरडत गेला. खोलीत दुसरा आवाज नव्हता. मला त्या क्षणी फार वाईट वाटत होतं, आणि तिथून उठून जावं असंही वाटत नव्हतं.

दगडूबा थोडा वेळ शकीलभाईंच्या बोटांकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि आपल्या गुडघ्यावर तोच ठेका धरला. मग सरांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. ताईंनी मान खाली घातली. मीही मनात मात्रा मोजायला लागलो. आधी चुकलो, मग सापडलो. किती आवर्तनं गेली माहीत नाही. भिंतीवरच्या घड्याळात नऊ-दहा मिनिटं गेली होती. मध्येच एका ठिकाणी शकीलभाईंची भुवई वर गेली, हात मांडीवरून उचलला गेला आणि ते अगदी हळू म्हणाले, "वाह."

नेमकं तेव्हाच दगडूबांच्या तोंडूनही तेच आलं. डोळे दोघांचेही मिटलेले.

मग वीज आली. पंख्यानं एक गिरकी घेतली, टेपनं कुंई केलं आणि बुवांनी तो अर्धा राहिलेला शब्द पुरा केला.

तबला एकीकडे, ठेका दुसरीकडे. शकीलभाईंची बोटं थांबली. त्यांनी डोळे उघडले. पंख्याकडे बघितलं, टेपच्या लाल दिव्याकडे बघितलं, मग आमच्या चौघांच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं आणि म्हणाले,

"तुम्ही लोक लई मागं राह्यले."